होमटाउनचा रकाना

बराकपूरच्या त्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला मी गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पाणी विचारण्याआधी फॉर्म दिला. दोन पानी, स्वच्छ टाइप केलेला, वर कुठल्याही कचेरीचं नाव नसलेला. एकूण एकोणीस रकाने होते. नाव, वडिलांचं नाव, बँकेतलं पद, रक्तगट, शाकाहारी की मांसाहारी. मी बदली होऊन कलकत्त्याला आलो होतो आणि माझी शाखा सियालदहला होती. ‘मराठी घर आहे, स्टेशन जवळ आहे, फक्त थोडी लिखापढी करावी लागेल,’ असं माझ्या आधीच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं. फॉर्म भरणं हा माझाही पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मी सराईतपणे तो भरला आणि परत दिला.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. तो ‘होमटाउन’चा रकाना होता. मी वाई, जिल्हा सातारा असं लिहिलं होतं. वडील लिहायचे, म्हणून मीही लिहीत आलो होतो.

“वाईला घर आहे?”

“नाही.”

“जवळचे नातेवाईक?”

“होते. आता काही पुण्याला, काही ठाण्याला.”

“नोकरीला लागण्याआधी तिथे राहिला होतात?”

“नाही. वडिलांची बदलीची नोकरी. नागपूर, भोपाळ, हैदराबाद.”

“गेल्या दहा वर्षांत किती वेळा गेलात?”

“एकदा. महाबळेश्वरला जाताना गाडी चहाला थांबली होती.”

“मग वाई का लिहिलंत, मॅनेजर?”

“सवय.”

“सवयींचा रकाना सतरावा.” सतराव्या रकान्यात विडी, सिगारेट, तंबाखू अशी विचारणा होती.

त्यांनी पेन्सिलीने वाईवर हलकीशी रेघ मारली आणि म्हणाले, “विचार करून सांगा. पण भरा. रकाना रिकामा सोडू नये. रिकाम्या रकान्यात दुसरं कोणीतरी लिहितं.”

खोल्या मला मिळाल्या. रकाना तीन वर्षं तसाच राहिला.

त्यांचे वडील फोर्ट विल्यममध्ये लष्करी खात्यात कारकून म्हणून आले होते आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहून गेलं. मुलांचा जन्म इथलाच. काका (मी त्यांना काका म्हणायचो, शेजारचे बंगाली मेशोमोशाय म्हणत) केंद्र सरकारच्या एका खात्याच्या आस्थापना शाखेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावर जी कामं येत, त्यांतलं एक होतं एलटीसीचं. सरकारी नोकराला काही वर्षांतून एकदा सरकारच्या खर्चाने सहकुटुंब मूळ गावी जाता येतं. त्यासाठी मूळ गाव कोणतं, हे आधी लिहून द्यावं लागतं. काकांच्या सांगण्यानुसार भारत सरकारने या बाबतीत चार प्रश्न विचारलेले आहेत. त्या ठिकाणी तुम्हाला घरगुती वा सामाजिक कारणाने अधूनमधून हजर राहावं लागतं का, आणि तुम्ही खरोखर जाता का? तिथे तुमचं घर आहे का? जवळचे नातेवाईक आहेत का? नोकरीआधी काही वर्षं तिथे काढली आहेत का? शिवाय, एकदा लिहून दिलेलं मूळ गाव बदलता येतं, पण संपूर्ण नोकरीत एकदाच.

हा नियम लिहिणाऱ्या माणसाबद्दल काकांना नितांत आदर होता. जगात तत्त्वज्ञानाचे इतके ग्रंथ झाले, पण माणूस कुठला, हे चार प्रश्नांत कोणी बसवलं नाही, असं ते म्हणायचे. मी थोडंफार वाचलेलं आहे. मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

त्यांच्या शाखेतल्या एका बंगाली कारकुनाने मूळ गाव म्हणून कन्याकुमारी लिहून दिलं होतं. देशात याहून लांब जमीन नाही, एवढंच त्यामागचं कारण. काकांनी त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, “दादा, तिथे माझी देवी आहे.” काकांनी विचारलं, “सख्खी की चुलत?” त्याने अर्ज मागे घेतला.

स्वतः काकांनी मात्र मूळ गाव म्हणून राजापूरजवळचं एक खेडं लिहिलं होतं. वडिलांनी लिहिलं होतं ते. सवलत घेऊन ते तिथे तीन-चार वेळा जाऊन आले, सोबत थोरली बहीण आणि लहान मुलगी. घर पडून गेलेलं, चौथऱ्यावर दुसऱ्या कोणाचा तरी गोठा. मुक्काम देवळाच्या ओसरीवर. त्यांच्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, त्या सहलींचं वर्णन माझ्याजवळ एका वाक्यात केलं होतं: “आम्हाला तिथे कोणी ओळखत नाही, म्हणून ते आमचं गाव.”

ताईंविषयी सांगायला हवं. त्या काकांपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, अविवाहित, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडलेल्या भावाला त्या ‘बाळ’ म्हणत आणि काका त्याला ओ देत. काकांची बायको मुलगी सहा वर्षांची असतानाच गेली. ती मुलगी ताईंनी वाढवली. मुलगी शिकली, अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली. ताईंनी आयुष्यभर मुलांना जगाचे नकाशे काढायला लावले, पण स्वतः पासपोर्ट काढला नाही. “मी हुगळी ओलांडते, तेवढं परदेशगमन पुरे,” असं त्यांचं मत.

रविवारी सकाळी काकांच्या व्हरांड्यात फॉर्म भरायला माणसं येत. बहुतेक आमच्या महाराष्ट्र मंडळातली. कोणाचा पासपोर्ट, कोणाचा पेन्शनचा हयातीचा दाखला, आणि सर्वांत जास्त, मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांचे व्हिसा. काका फुकट भरून देत, पण खरं तेच लिहीत, आणि ही फी बऱ्याच जणांना परवडत नसे. एकदा एक निवृत्त इंजिनिअर पत्नीसह आले. प्रवासाचं कारण: नातवाचं बारसं. मुक्काम: सहा महिने.

काकांनी पेन खाली ठेवलं. “बारसं सहा महिने चालणार आहे?”

“अहो, तसं नाही. सूनबाई कामावर जाणार, बाळाकडे बघायला कोणीतरी…”

“मग तुम्ही पाहुणे म्हणून जाताय की कामाला?”

“आजी-आजोबा म्हणून जातोय हो.”

“त्याला रकाना नाही,” काका म्हणाले. शेवटी त्यांनी ‘मुलाची भेट’ असं लिहिलं. ते खरं होतं आणि रकान्यात बसत होतं. असे दोन्ही अंगांनी जमलेले शब्द सापडले की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी पुढे मोठमोठ्या लोकांच्या चेहऱ्यावर सत्कारातही पाहिलं नाही.

अशा माणसाकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड होतं.

मुलीने अर्ज केला होता. उद्या बाबा म्हातारे होणार, तेव्हा ते आपल्याजवळ असावेत, एवढाच तिचा हिशेब. ताई तेव्हा टणक होत्या, त्यांनीच बाळाला ढकललं. “तू जा. मी घर बघते. पोरगी एकटी आहे.” काका कायमचे म्हणून गेले आणि चार महिन्यांनी ‘दोन-तीन गोष्टी आवरायला’ परत आले. त्या गोष्टी आवरल्या नाहीत. त्यातून एक पद्धत पडून गेली. साडेपाच महिने बराकपूर, मग सहा आठवडे मुलीकडे, की परत साडेपाच महिने बराकपूर. सहा महिन्यांच्या आत परत गेलं की विमानतळावर फारसं कोणी विचारत नाही, असं त्यांच्या ओळखीतले सगळे कार्डवाले समजून होते. काका एकटेच मूळ नियम वाचलेले. ते म्हणायचे, “दिवस मोजण्यात अर्थ नाही, मॅनेजर. दिवस हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे, राहता कुठे.” आणि तरी ते जात. एका फायलीत प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख, विमानाचं तिकीट, पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत, सगळं क्रमवार लावलेलं असे.

मंडळाने या जाण्यायेण्याला जो थाट आणला, तो पाहण्यासारखा होता. आमच्या मंडळात गणपती होतो, हळदीकुंकू होतं, पण मुख्य कार्यक्रम निरोपाचा. निम्मे सदस्य बदलीवाले, सतत कोणीतरी चाललेलं. घटनेत कलमच आहे: कलकत्ता कायमचं सोडणाऱ्या सदस्यास शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यावा. पहिल्या वेळी काकांना सगळ्यांनी मनापासून निरोप दिला. काही जणी रडल्या. दुसऱ्या वेळी सेक्रेटरींनी भाबडेपणाने विचारलं, “पुन्हा कुठे?” आणि काकांनी कार्डावर होतं ते सांगितलं: कायमच्या निवासस्थानी. सेक्रेटरींनी घटना पाहिली. कलम लागू होत होतं. तेव्हापासून दर वेळी शाल. मी आलो तेव्हा सहावा निरोप झाला होता. सातवा मी पाहिला. मंडळाचे अध्यक्ष एका मोठ्या सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, ज्यांना भाषणाशिवाय नारळ देता येत नसे असे. ते म्हणाले, “आज आपल्यातला एक वटवृक्ष दूरदेशी चालला आहे. पुन्हा भेट कधी, कोण जाणे.” मागून कोणीतरी म्हणालं, “दुर्गापूजेच्या आधी.” काका गंभीरपणे शाल घेऊन उभे होते. त्यांना हसू येत नव्हतं. ते नियमाने वागत होते आणि नियम त्यांच्याशी असं वागत होता.

त्या शाली ताईंनी कामाला लावल्या. एक टीव्हीवर, एक शिलाई मशीनवर, एक पाण्याच्या फिल्टरवर, एक हार्मोनियमवर. पाहुण्यांना त्या सांगत, “हा बाळाचा तिसरा निरोप. हा पाचवा, याचा रंग गेला, बाजे माल.” इतकी वर्षं इथे राहून ताईंच्या मराठीत बंगाली शब्द मुरलेले होते. त्या ते उचलून बाजूला ठेवण्याची तसदी घेत नसत.

मंडळातले हुशार लोक काकांना उपाय सुचवत. नागरिक व्हा, मग बहिणीसाठी अर्ज करता येतो. काका शांतपणे उत्तर देत, “नागरिक व्हायला पाच वर्षांतली निम्मी तिथे राहायला हवीत. मग अर्ज. मग पंधराएक वर्षं रांग. ताई तेव्हा शंभरीला टेकेल. मुलाखतीला मी घेऊन जाईन.”

आठव्या निरोपानंतर जे झालं ते काकांनी परत आल्यावर मला सांगितलं. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. तिकडच्या विमानतळावर खिडकीत एक तरुण बाई होती. तिने कार्ड पाहिलं, पासपोर्टची पानं उलटली आणि विचारलं, तुम्ही कुठे राहता?

“मला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, या प्रश्नाला मुलीचा पत्ता सांगायचा,” काका म्हणाले. “पत्ता पाठ आहे. पण तिने पत्ता विचारला नव्हता. राहता कुठे, असं विचारलं होतं.”

“मग काय सांगितलंत?”

“बराकपूर.”

त्यांना आतल्या खोलीत बसवलं. दोन-अडीच तास. मुलगी बाहेर. आत त्या बाईने फाइल मागितली आणि काकांनी ती दिली. “माझ्याविरुद्धचा पुरावा मीच तारखेप्रमाणे लावून नेला होता. तिने पान न् पान वाचलं, मॅनेजर. माझ्या खात्यात इतक्या वर्षांत कोणी फाइल अशी वाचली नाही.” मग तिने विचारलं, इथे तुमचं स्वतःचं घर आहे? नाही, मुलीचं. इथे डॉक्टर कोण? कोणी नाही. तिथे कोण असतं? सख्खी बहीण. वर्षातले किती दिवस तिथे असता? काकांनी आकडा तोंडी सांगितला. “चारच प्रश्न विचारले तिने. शब्द वेगळे, प्रश्न तेच. मी खुर्चीत बसून विचार करत होतो, हिला आपल्या सरकारचं परिपत्रक कोणी दाखवलं?”

तिने सांगितलं, हे कार्ड इथे राहणाऱ्यांसाठी आहे, भेटायला येणाऱ्यांसाठी नाही. या वेळी जाऊ देते. पुढच्या वेळेआधी तुम्ही ठरवा. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, एक वाक्य बोलायचं होतं. एकच.” काका म्हणाले, “मी एकच बोललो.”

त्याच सहा आठवड्यांत ताई पडल्या. अंगणात, विहिरीच्या कठड्यापाशी, सकाळी. भांड्याचा आवाज ऐकून मी खाली धावलो. त्या आडव्या पडून मला सांगत होत्या, “मॅनेजर, आधी तो नळ बंद करा.” खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्यांना नर्सिंग होममध्ये नेलं आणि अमेरिकेला फोन केला. काका तिसऱ्या दिवशी हजर. मुलगी पाठोपाठ आठवड्याने आली. ऑपरेशन झालं, पण ताईंचं चालणं गेलं. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत, एवढंच.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी मुलगी वर माझ्याकडे आली. चाळिशीची, थकलेली. तिचं मराठी ताईंसारखंच, अधूनमधून बंगालीत शिरणारं.

“दादा, तुमचं ऐकतात बाबा. तुम्ही सांगा ना त्यांना.”

“काय सांगू?”

“एक परमिट मिळतं. दोन वर्षं बाहेर राहिलं तरी कार्ड जात नाही. पण अर्ज तिथे असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. काही आठवडे लागतील, तोवर मी आत्याकडे नर्स ठेवते, रात्रंदिवस. मग त्यांनी बसावं आत्याजवळ हवं तेवढं. मला आत्याने वाढवलं, दादा. तिला मी नेऊ शकत नाही. तिकडच्या फॉर्ममध्ये आत्या म्हणजे कोणीच नाही. निदान बाबांना तरी… उद्या ते इथे पडले, एकटे, तर मला पोचायला बावीस तास लागतात. मी मोजलेत. या वेळी मोजले.”

मी खाली जाऊन निरोप सांगितला. मला तो पटलेलाही होता. काका पलंगाच्या पायथ्याशी बसून ताईंच्या गोळ्या डबीत लावत होते.

“त्या परमिटच्या अर्जात काय लिहायचं, माहीत आहे?” ते म्हणाले. “की मी तात्पुरता बाहेर जातोय. काम झालं की कायमच्या घरी परत येणार. माझं काम म्हणजे ताई. ती कधी संपणार, त्याची अंदाजे तारीख घालू?”

“मी इथेच आहे,” ताई पलंगावरून म्हणाल्या. “ऐकू येतं मला.”

“सगळे असंच लिहितात, काका.”

“सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. सगळे काय लिहितात, मला माहीत आहे.”

“मुलीचा विचार करा.”

“तोच करतोय. तिने माझ्यासाठी सही करून दिली आहे, की हा माणूस इथे राहायला येतोय. पाच वर्षं मी तिची सही खोटी पाडतोय.”

यावर बोलता आलं असतं, पण ते सगळं सोयीचं होतं, आणि काकांसमोर सोयीचं बोलायला लाज वाटायची.

कायमच्या रहिवाशाचा दर्जा सोडत असल्याचा एक फॉर्म असतो. पोस्टाने पाठवता येतो. एका रविवारी दुपारी, व्हरांडा रिकामा झाल्यावर, काका तो घेऊन ताईंच्या खोलीत बसले आणि मला वरून बोलावून घेतलं. साक्षीदाराची गरज नव्हती. त्यांना कोणीतरी समोर हवं होतं. ठळक अक्षरांत, काळ्या शाईने, एकेक रकाना भरत गेले. शेवटी ‘कारण’ आलं.

“माझं नाव घालायचं नाही त्यात,” ताई म्हणाल्या.

“नाही घालत.”

“आजारी बहीण वगैरे काही नको. मी कोणाचं कारण नाही. घालशील तर मी पुन्हा बोलणार नाही तुझ्याशी, बाळ.”

“म्हटलं ना, नाही घालत.”

“मग काय लिहिणार? रिकामा सोडशील?”

काकांनी पेन उचललेलं होतं, तसंच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस पहिल्यांदा रकान्यापुढे अडला होता. खिडकीतून शेजारच्या घरातली प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली, एक, दोन, तीन. मग त्यांनी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, टिपकागद लावला आणि कागद माझ्याकडे दिला. लिहिलं होतं: मी बराकपूरला राहतो.

ताईंनी मला वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाल्या, “हे ठीक. हे सगळ्यांना माहीतच आहे.”

काकांनी तीन प्रती काढल्या. कार्ड फॉर्मला टाचण्याआधी त्यांनी ते रुमालाने पुसलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर करून आले. मुलीचा अकरा दिवस फोन आला नाही. बाराव्या दिवशी आला तो ताईंच्या मोबाइलवर. ताई बराच वेळ नुसतं “हूं, हूं” करत होत्या. मग म्हणाल्या, “तू जेवलीस का? आधी जेव.” आणि फोन बाळाकडे दिला. काका तो घेऊन अंगणात गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा चष्मा हातात होता.

मंडळात थोडा घोटाळा झाला. नवव्या निरोपाची शाल आणून ठेवलेली होती. काकांनी कळवलं की आपण जात नाही, आणि यापुढे कलम लागू होणार नाही. सेक्रेटरींनी विचारलं की राहिल्याबद्दल सत्कार ठेवायचा का. काका म्हणाले, “घटनेत तरतूद आहे का?” नव्हती. ती शाल पुढे मला मिळाली, कारण वर्षभरात माझी बदली झाली. अध्यक्षांनी माझाही वटवृक्ष केला.

निघताना मी किल्ल्या द्यायला खाली गेलो, तर काकांनी माझा जुना फॉर्म काढून ठेवलेला. अकराव्या रकान्यात वाई, वर पेन्सिलीची रेघ, पुढे कोरं.

“हा भरून जा.”

मी पेन घेतलं आणि खरोखर विचार केला. नोकरीतली सगळी गावं आठवली, प्रत्येकाला चार प्रश्न विचारले, एकही पास होईना. काकांनी फॉर्म हळूच ओढून घेतला आणि फायलीत ठेवला. “राहू दे,” म्हणाले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव अपवाद असावा. ताईंना शाल दिली. त्या म्हणाल्या, “ही वॉकरवर टाकते. मेला नागडा दिसतो.”

त्यानंतर मी जमेल तसा जात राहिलो. बँकेचं काम कलकत्त्यात निघालं की एक दुपार बराकपूरची. दोन वर्षांनी ताई गेल्या. मला कळलं तेव्हा मी विशाखापट्टणमला होतो. दिवस झाल्यावर पोचलो. मुलगी येऊन परत गेली होती. घरात सगळ्या वस्तूंवर निरोप तसेच अंथरलेले होते. वॉकर खिडकीशी होता, माझी शाल पांघरून.

काकांनी चहा केला. मी विचारलं, “आता?”

“मुलगी म्हणते, पुन्हा अर्ज करते. त्यांच्या कायद्याने चालतं. आईबापांना रांग नाही.”

“मग करू द्या. आता इथे कोण आहे?”

“मूळ गाव एकदाच बदलता येतं, मॅनेजर. नोकरीत मी तो बदल वापरला नव्हता. शिल्लक होता. तो मी कार्ड परत केलं त्या दिवशी वापरला.”

“तो नियम एलटीसीचा होता, काका.”

“चांगला नियम आहे,” ते म्हणाले.

आता ते पाहुण्यांच्या व्हिसावर जातात, वर्षातून एकदा, तीन आठवडे. त्या मुलाखतीला त्यांनी बराकपूरला आपलं काय काय आहे याचा जाड पुरावा नेला होता. खिडकीतल्या माणसाने फाइल उघडली नाही. परत का याल, एवढंच विचारलं. काका म्हणाले, राहतो म्हणून. व्हिसा मिळाला. ती हकिगत सांगून झाल्यावर म्हणाले, “एक फरक पडला. आधी मी तिथला रहिवासी होतो, तेव्हा मुलगी सकाळी कामावर जायची आणि माझा चहा मी करायचो. आता पाहुणा आहे, तर ती तीन आठवडे रजा काढते.”

निघताना मला सहज आठवलं. म्हटलं, “माझा फॉर्म आहे अजून?”

त्यांच्याकडून कागद हरवण्याची शक्यताच नव्हती. लगेच काढून दिला. अकराव्या रकान्यात वाईच्या पुढे त्यांच्या ठळक काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: बराकपूर. खाली ‘तपासले’, आणि सही.

“चार प्रश्नांत मी इथेही नापास आहे, काका. घर नाही, नातेवाईक नाहीत, नोकरीआधी कधी राहिलो नाही.”

“पहिला राहिला,” ते म्हणाले, आणि कागद परत घेऊन फायलीत नीट बसवला. “अधूनमधून हजर राहावं लागतं का, आणि तुम्ही येता का. आलात ना.”